काळ्या मातीवरचं कोर्ट

वर्धा-नागपूरकडे किंवा परभणी-नांदेडला बंगल्यामागे मोकळी जागा असली, की हल्ली तिथे छोटंसं कोर्ट करून घ्यायची हौस पुष्कळ घरांत दिसते. मुलांना बॅडमिंटन, थोरांना पिकलबॉल, एका टोकाला बास्केटबॉलचा खांब. हौस फार चांगली आहे आणि ती जरूर पुरवावी. पण कामाची सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून होते. कंत्राटदार रंगांचं पुस्तक घेऊन येतो, सगळं घर त्याभोवती जमतं, आत निळा आणि बाहेर हिरवा असं ठरतं, आणि पायाखालच्या मातीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की निळ्या रंगातून आरपार तडा जातो, एक कोपरा बोटभर वर येतो, चेंडू भलतीकडे उसळायला लागतो. मग पुन्हा रंग मागवला जातो. तो तडा खालून आलेला असतो, त्यामुळे नव्या रंगातूनही पुढच्याच वर्षी वर येतो.

काळ्या मातीवर कोर्ट करायचं, तर निम्म्याहून अधिक लक्ष आणि बराचसा पैसा जमिनीखाली आणि कोर्टाच्या कडेला गेला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. वरचा थर नंतर कधीही बदलता येतो. खालचं काम एकदाच होतं.

आधी मापं बघू. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 6.10 मीटर रुंद. पिकलबॉलचं 44 फूट बाय 20 फूट, म्हणजे जवळजवळ तेवढंच. याला कारण आहे. 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरामागे बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं आणि पिकलबॉल जन्मला तो त्याच कोर्टावर. पळायला चारही बाजूंनी जागा सोडली, तर 60 फूट बाय 30 फूट धरावं लागतं. म्हणजे 1,800 चौरस फूट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचे सगळे हिशेब याच्यावर आहेत. लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही.

आता माती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. त्याची झीज होऊन आपली काळी कापसाची माती बनली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटाची खनिजं भरपूर असतात. या खनिजाचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे. पापुद्र्यांमधली पकड सैल असते, त्यामुळे पाणी सरळ दोहोंच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर ढकलतं. अब्जावधी कणांमध्ये हे एकदम घडतं, म्हणून पावसाळ्यात अख्खी जमीन फुगते. उन्हाळ्यात ते पाणी निघून जातं, जमीन आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला या भेगा उपयोगी पडतात. वरची माती त्यांत पडून खाली जाते आणि जमीन आपोआप उलथीपालथी होते. वर सिमेंटची ताठ लादी टाकणाऱ्याला मात्र हीच हालचाल महागात पडते.

सगळीकडे माती सारखीच असेल असंही नाही. नागपूरचंच बघा. दख्खनच्या बेसाल्टची पूर्वेकडची सीमा या शहराच्या आसपास आहे. पश्चिमेला बेसाल्ट आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइटसारखे खडक. त्यामुळे शहराच्या एका टोकाला टिकलेला नमुना दुसऱ्या टोकाला टिकेलच असं नाही. शेजाऱ्याचं कोर्ट छान आहे, एवढ्यावर विसंबू नये. आपल्या आवारात तीन-चार ठिकाणी दीड-दोन मीटर खोल खड्डे घ्यावेत आणि काळा थर किती जाड आहे, मुरूम कुठे लागतो हे स्वतः बघावं. दोन-अडीच फुटांवर मुरूम लागला, तर काळी माती सगळी काढून टाका आणि निम्म्या काळजीतून मोकळे व्हा. तीन मीटर खोलपर्यंत काळीच माती असेल, तर पुढचं सगळं नीट वाचा.

माती किती फुगते हे मोजायची एक सोपी चाचणी भारतीय मानकात दिलेली आहे. भट्टीत वाळवून बारीक चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन नमुने घ्यायचे. शंभर मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांपैकी एकात रॉकेल आणि दुसऱ्यात शुद्ध पाणी भरून त्यात ते टाकायचे, ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, तळाशी बसते तेवढीच राहते. पाण्यातली मात्र वर चढते. रॉकेलमध्ये 10 मिलिलिटर आणि पाण्यात 18 मिलिलिटर दिसलं, तर फुगवटा 80 टक्के. 50 च्या आत असेल तर माती बरी म्हणायची. 50 ते 100 मध्ये जपून, आणि 100 च्या वर गेली तर मातीतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. जिल्ह्याच्या ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेत ही चाचणी होते. एकूण खर्चात तिचे पैसे दिसणारही नाहीत. तरी ती करून घेणारी घरं विरळाच.

आवारातच कितीतरी खुणा आधीच दिसत असतात. कुंपणाची भिंत बाहेर कललेली असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघालेली असते. दार पावसाळ्यात घट्ट बसतं आणि उन्हाळ्यात सुटतं. यातलं काहीही दिसलं तर माती हलते आहे हे नक्की.

या मातीवर उपाय शोधण्यात आपल्याकडच्या संशोधकांचं काम मोठं आहे. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. फुगणाऱ्या मातीवर चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा दाबून बसवलेला थर दिला, तर खालची हालचाल बरीच आटोक्यात येते, असं त्यांनी दाखवलं. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याच्या कामात ही पद्धत वापरली गेली. असा थर साधारण मीटरभर जाडीचा लागतो. आपल्याकडे त्यासाठी सहज मिळणारा माल म्हणजे मुरूम. मात्र मुरूम म्हणून येणारा प्रत्येक ट्रक चालत नाही. अर्धवट झिजलेल्या बेसाल्टच्या मुरुमातही फुगणारी खनिजं असू शकतात आणि खदानीतून वरची काळी मातीही मिसळून येते. म्हणून रॉकेल-पाण्याची तीच चाचणी मुरुमाचीही करून घ्यावी.

किती मुरूम लागेल? 1,800 चौरस फुटांवर मीटरभर थर म्हणजे सुमारे 59 ब्रास. दोन फुटांचा थर धरला तरी 36 ब्रास, तोही दाबून बसलेला. ट्रकमधला सैल मुरूम दाबल्यावर खाली बसतो, म्हणून मागवताना त्याहून जास्त धरावा लागतो. शिवाय भराव लादीच्या चारही बाजूंना निदान तीन फूट बाहेर न्यायचा असतो. एवढा आकडा ऐकून बरेच जण सहा इंचांवर येतात. माती फार फुगणारी नसेल आणि पाण्याचा बंदोबस्त चोख असेल, तर दोन फुटांवर भागतं. सहा इंचांत भागत नाही.

इथे एक मोठी चूक घडते, आणि ती चांगलं काम करायच्या भरात घडते. काळी माती दोन फूट खोदून काढायची आणि खड्डा वाळूने किंवा भरड खडीने भरायचा. खडीतून पाणी निचरून जाईल, असा हिशेब असतो. पण जाणार कुठे? खाली आणि चारही बाजूंना ओली काळी माती म्हणजे जवळजवळ न झिरपणारी भिंत. खड्ड्याचा हौद होतो, पहिल्या पावसात तुडुंब भरतो आणि तळाची माती चार महिने त्यात भिजत राहते. म्हणून भराव असा हवा, की दाबल्यावर तो पाणी सहज आत घेणार नाही. खड्ड्याच्या तळालाही उतार हवा आणि त्या उताराच्या टोकाला भोकं पाडलेला पाइप, भोवती बारीक खडी आणि जिओटेक्स्टाइल कापड घालून, पाणी आवाराबाहेर नेणारा हवा. बाहेर काढायला उतारच नसेल तर खोल खोदण्याच्या फंदात न पडता भराव जमिनीवर उंच करावा. कोर्ट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा-आठ इंच वर असलेलं केव्हाही चांगलं.

मुरूम सहा-आठ इंचांच्या थरांनी टाकायचा, पाणी शिंपडून ओलसर करायचा आणि प्रत्येक थरावर रोलर फिरवायचा. कोपऱ्यांत रोलर पोचत नाही, तिथे धुम्मस. दोन फूट एकदम ओतून वरून रोलर मारला तर वरचा थर लोखंडासारखा दिसतो आणि खालचा भुसभुशीत राहतो. शेवटचा थर झाल्यावर खडीने भरलेला ट्रॅक्टर सगळ्या जागेवरून हळू चालवून बघा. चाकाखाली जमीन दबली किंवा लवलवली, तर तेवढा भाग उकरून पुन्हा करून घ्या. खालची मूळची काळी माती मात्र अगदी कोरडी असताना ठोकून ठोकून घट्ट करू नये. कोरडी आणि फार दाबलेली काळी माती ओली झाली की जास्त जोराने फुगते. तिला थोडी ओलसर ठेवून बेताने दाबायचं आणि लगेच झाकायचं.

मुरूम जवळपास मिळतच नसेल, तर चुना हा दुसरा मार्ग. मातीच्या वजनाच्या साधारण 4 ते 8 टक्के चुना मिसळला, की त्यातलं कॅल्शियम कणांना एकत्र आणतं, चिकटपणा आणि फुगणं दोन्ही उतरतं, पुढे काही महिन्यांत माती कठीणही होते. किती टक्के हे प्रयोगशाळेने ठरवावं. काम कटकटीचं आहे. माती बारीक फोडावी लागते, चुना सगळीकडे सारखा मिसळावा लागतो, दोनेक दिवस मुरवावा लागतो, आणि अंगावर, डोळ्यांत उडाला तर भाजतो. मजुरांना चष्मे आणि हातमोजे दिल्याशिवाय हे काम काढू नये.

आता पाण्याकडे येतो, कारण खरी गोष्ट इथेच आहे. या 1,800 चौरस फुटांवर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळजवळ 17 हजार लिटर पाणी गोळा होतं. कोर्ट नव्हतं तेव्हा ते सगळीकडे मुरायचं. आता ते सगळं एका कडेला वाहत येतं. लादीच्या मधल्या भागाखाली माती वर्षभर साधारण सारखीच ओलसर राहते. पावसाळ्यात कडेची माती फुगून कड उचलते, मे महिन्यात तीच माती सुकून कड लोंबकळत राहते. लादी वर्षातून दोनदा अशी वाकते आणि शेवटी मोडते. माती नुसती ओली असण्याने फारसं बिघडत नाही. कडेला कधी ओली, कधी कोरडी होते, त्याने बिघडतं.

म्हणून कडेचा बंदोबस्त. कोर्टाला शंभरास एक असा उतार द्यावा, तोही एकाच दिशेला. 20 फुटांच्या रुंदीत तो अडीच इंचांहून थोडा कमी येतो आणि खेळताना जाणवत नाही. जाळीखाली उंचवटा करून दोन्हीकडे उतार देऊ नये. खालच्या कडेला सिमेंटची नाली घेऊन पाणी कोर्टापासून लांब, उताराच्या बाजूला सोडावं. पाणी जिरवायचा शोषखड्डा कोर्टालगत नको. पाणी जिरवणं पुण्याचं काम आहे, पण ते कोर्टापासून लांब करावं. छताच्या पागोळ्या, पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो, बागेचं ठिबक, यातलं काहीही कोर्टाच्या कडेला येता कामा नये. कडेपासून तीन-चार फुटांचा पट्टा फरशीने किंवा जाड प्लास्टिकवर मुरूम टाकून झाकून घ्यावा, म्हणजे ओलं-कोरडं होण्याचा खेळ लादीपासून लांब सरकतो.

झाडांचाही याच हिशेबात विचार करायचा. कडुनिंबासारखं मोठं झाड उन्हाळ्यात एका बाजूच्या मातीतलं पाणी शोषून ती सुकवतं आणि तो कोपरा खचतो. झाडाची उंची जेवढी, निदान तेवढं अंतर कोर्टाने राखावं. त्यासाठी झाड तोडा असं मी कधीच म्हणणार नाही. कोर्ट सरकवता येतं.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, डॅलसपासून ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोपर्यंत, आपल्यासारखीच काळी माती आहे. आग्नेयेकडे ह्यूस्टनची चिकणमाती तशीच फुगणारी आणि हवा बाराही महिने दमट. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे ठाऊक असतं, की उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती झिरपणारा पाइप ठेवून मातीला बेताने पाणी देतात, म्हणजे ती एकदम आकसत नाही. तिकडच्या कोर्टांची लादीही निराळी असते. काँक्रीट ओतताना त्यात ग्रीस लावलेल्या, प्लास्टिकच्या आवरणातल्या पोलादी दोऱ्या आडव्या-उभ्या टाकतात आणि काँक्रीटने जोर धरल्यावर त्या जॅकने ताणतात. अर्ध्या इंचाच्या एकेका दोरीवर सुमारे 15 टन ताण. सगळी लादी चारही बाजूंनी आवळली जाते, म्हणून माती थोडी हलली तरी ती अखंड तरंगते. मला ही पद्धत मनापासून पटते. आपल्याकडे पुलांना आणि मोठ्या इमारतींना ती सर्रास वापरतात. घरच्या एका कोर्टासाठी असा ठेकेदार मिळवणं सोपं नाही, पण मिळाला तर जरूर विचारावं.

नाही मिळाला, तर सळई घातलेली पाच-सहा इंच जाड लादी, कडेला खोल तुळई, आणि खाली 250 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलेलं. सळई खुर्चीवर उचललेली हवी. प्लास्टिकवर लोळणारी सळई असून नसल्यासारखी. जाळीच्या रेषेवर एक सांधा सोडावा आणि बाकीचे सांधे शक्यतो आखलेल्या रेषांखाली यावेत, म्हणजे चीर पडायचीच असेल तर आपण ठरवलेल्या जागी पडेल. बास्केटबॉलच्या आणि दिव्यांच्या खांबांचा पाया लादीपासून सुटा ठेवावा. रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगा असलेले, जमिनीत उतरणारे पायाचे खांब विकसित केले. माती खोल असेल तर ते साडेतीन मीटरपर्यंत नेतात, कारण तिथवर ओलाव्याचा चढउतार पोचत नाही. उंच खांबाला हाच पाया शोभतो. लादीवर गोणपाट टाकून किंवा वाफे बांधून निदान दहा दिवस पाणी मारायचं. कामगार चौथ्या दिवशी कंटाळतात. तिथे घरच्या माणसाने उभं राहावं.

दमट हवेचा त्रास खरा जाणवतो तो रंगाच्या वेळी. अॅक्रेलिकचा थर पाणी उडून गेल्यावर वाळतो. पावसाळी हवेत ते उडत नाही, थर मऊ राहतो आणि पुढे सोलून निघतो. काँक्रीटला 28 दिवस झाल्याशिवाय रंगाला हात लावू नये. त्यानंतरही दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून 16 तास ठेवावं. आतून थेंब साचले किंवा काँक्रीट गडद झालं, तर खालून ओल येते आहे. रंग लावला असता तर त्याचे फुगे आले असते. हिवाळ्यात रंगकाम दुपारी तीनपर्यंत आटपावं, कारण संध्याकाळच्या दवाने ओला थर डागाळतो. रंगाआधी कोर्टावर पाणी सोडून तासाभराने बघावं. कुठे नाण्याच्या जाडीएवढं पाणी साचून राहिलं, तर ती जागा आधी भरून घ्यावी, नाहीतर त्याच जागी शेवाळ धरून कुणीतरी घसरणार. प्लास्टिकच्या जोडटाइल्स टाकल्या तर वाळायची कटकट नाही आणि किरकोळ चिरा झाकल्या जातात. पण उन्हाने त्या वाढतात, म्हणून कडेला मोकळी जागा लागते. आणि पाया खचला, की टाइल्सही त्याच्याबरोबर खचतात.

एवढा खर्च झेपत नसेल, आणि माती खोल काळी असेल, तर माझा सल्ला सरळ आहे. लादी करूच नका. फूटभर मुरूम दाबून, वर बारीक चाळलेल्या मुरुमाचा थर देऊन, उतार काढून मैदान करा. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, कबड्डी, खो-खो सगळं त्यावर होतं. मातीबरोबर ते हलतं आणि तडकत नाही. दिवाळीच्या सुमाराला पाणी मारून एकदा रोलर फिरवला की पुन्हा सपाट. अपुऱ्या पायावरच्या महागड्या कोर्टापेक्षा असं मैदान मुलं जास्त वर्षं वापरतात.

वेळेचं गणित असं बसवावं. भराव उन्हाळ्याच्या शेवटी आटपून, नाली आणि निचरा पुरा करून, त्याला एक पावसाळा जाऊ द्यावा. जिथे बसायचं तिथे तो बसतो आणि पाणी कुठे तुंबतं हे डोळ्यांनी दिसतं. दिवाळीनंतर माती भिजून चिंब नसते आणि सुकून भेगाळलेलीही नसते, तेव्हा लादी टाकावी. भर मे महिन्यात भेगा पडलेल्या मातीवर टाकलेली लादी पहिल्याच पावसात खालून ढकलली जाते.

पुढची दोन वर्षं एक वही ठेवावी. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये गवंड्याकडून पाण्याची नळी लावून चारही कोपरे आणि मध्य यांची पातळी घ्यायची आणि लिहून ठेवायची. एकच कोपरा दर पावसाळ्यात वर येत असेल, तर तिथे पाणी कुठून येतंय ते आधी शोधायचं. बहुतेक वेळा गळका नळ, तुंबलेली नाली किंवा बागेचं पाणी सापडतं. चीर भरायची ती हिवाळ्यात, लवचीक सीलंटने. मे महिन्यात भरली तर ती पुरी उघडलेली असते आणि पावसाळ्यात सीलंट दाबलं जाऊन वर येतं. ऑगस्टमध्ये भरली तर उन्हाळ्यात पुन्हा उघडते.